सिस्टरांच्या दफनभूमीतील पांढरी फुले

शिकागोच्या युनियन स्टेशनातून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी कँककी गाव मागे टाकून पुढे गेली, म्हणजे खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही उरत नाही, असे त्या भागातील लोकच हसत हसत सांगतात. रूळ एका रेषेत आखल्यासारखे सरळ जातात. दोन्ही बाजूंस मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका. मधूनच धान्याची उंच गोल कोठारे आणि गावाचे नाव रंगविलेली पाण्याची टाकी. डोंगर नाही, ओढ्याची घळ नाही, आडवे आलेले रान नाही. आमच्या बेळगावकडील माणसाला प्रथम हे पाहून गुदमरल्यासारखे होते, कारण नजर टेकवावी असे कोठे काही सापडत नाही.

इंदूर आणि माळव्याकडील वाचकांस मात्र या शेतांशी आपले एक नाते आहे, हे ठाऊक असेल किंवा नसेल. १९६०च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने याच इलिनॉय राज्यातील विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनचे प्रयोग केले, आणि त्यानंतरच्या काळात ते पीक माळव्याच्या काळ्या जमिनीत घराघरांत पोहोचले. तेव्हा खिडकीबाहेरचे ते हिरवे पट्टे परके असले तरी अगदीच अनोळखी नव्हते.

परंतु ही भूमी मुळात मक्याची नव्हे. या राज्यास आजही ‘प्रेअरी स्टेट’ म्हणजे गवताळ माळाचे राज्य म्हणतात. गोरे लोक येथे वस्तीस आले त्या वेळी सुमारे दोन कोटी वीस लक्ष एकरांवर पुरुषभर उंचीचे गवत आणि त्यात शेकडो जातींची रानफुले होती. त्या गवताच्या मुळांचे जाळे इतके दाट, की लाकडी वा बिडाचा नांगर त्यात चालत नसे. काळी चिकट माती फाळाला धरून बसे. १८३७ साली जॉन डीअर नावाच्या लोहाराने याच राज्यातील ग्रँड डिटूर या खेड्यात गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला, आणि पुढील पन्नास-साठ वर्षांत तो सारा माळ उलथून निघाला. आज मूळ स्थितीतील उत्तम माळ दर दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर उरला आहे. एका पिढीच्या कष्टाळूपणाचा हा हिशेब वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो होतो. त्या लोकांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या घरी लेकरे उपाशी होती, हेही खरे.

जो एक एकर उरला, तो कोठे उरला? दोन ठिकाणी. एक, रेल्वेच्या रुळांलगतच्या पट्ट्यात, जेथे नांगर नेण्यास कोणास परवानगी नव्हती. आणि दुसरे, जुन्या दफनभूमींत. मृतांसाठी राखलेल्या जमिनीवर फाळ घालण्याचे धाडस कोणी केले नाही. माझ्या मुक्कामापासून थोड्या अंतरावर लोडा नावाचे लहानसे गाव आहे. तेथील दफनभूमीलगत असाच एक मूळ माळाचा तुकडा जिवंत आहे. मी जूनच्या अखेरीस तेथे गेलो. एका अंगास कापलेल्या गवतातील नीटनेटके दगड, आणि कुंपणापलीकडे वाऱ्यावर डुलणारा जुना माळ. त्यात ठिकठिकाणी फिकट जांभळ्या, लांब लोंबत्या पाकळ्यांची फुले उभी होती. ते फिकट कोनफ्लॉवर. मेलेल्यांच्या आधाराने जगलेले फूल, असे माझ्या मनात आले, आणि पाद्र्याच्या मनात ते यावे यात नवल नाही.

कोनफ्लॉवर म्हणजे शंकूचे फूल. मधोमध तांबूस-तपकिरी काटेरी घुमट आणि त्याभोवती पाकळ्यांचे कडे. त्याचे शास्त्रीय नाव इचिनेशिया. हे नाव ऐकताच आपल्याकडील होमिओपॅथीची औषधे घेणाऱ्या घरांतून कोणी तरी मान हलवील, कारण त्या नावाची बाटली अनेक कपाटांत असते. ग्रीक भाषेत साळूसारख्या काटेरी प्राण्याला जो शब्द आहे त्यावरून मोंख नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ साली हे नाव दिले. त्याच्या कितीतरी आधीपासून माळावरील मूळ रहिवासी जमाती याच्या एका अरुंद पानाच्या जातीची मुळी दातदुखीवर चघळीत आणि सर्पदंशावर लावीत. सर्पदंशास तिचा उपयोग किती होत असेल हे मी सांगणार नाही. आपल्याकडेही सापावरच्या मुळ्या गावोगाव आहेत आणि सापाने मरणारी माणसेही आहेत.

मी तेथे गेलो होतो तो एका परिचित धर्मगुरूंच्या जागी दोन महिने मिस्सा चालविण्यासाठी. गावाचे नाव देत नाही. दीड हजार वस्ती, विटांचे सुबक ख्रिस्तमंदिर, आणि शेजारी मोकळी जागा. त्या जागेवर पूर्वी पॅरिशची शाळा होती. शाळा चालविणाऱ्या सिस्टरांचा मठ होता. मुले कमी झाली, सिस्टर वृद्ध झाल्या, शाळा बंद पडली, इमारत पाडली गेली. राहिली ती मागील कोपऱ्यातील सिस्टरांची दफनभूमी: चार ओळींत एकतीस दगड. प्रत्येक दगड फार तर दीड फूट उंच, वर क्रूस, खाली मठातील नाव आणि मृत्यूचे वर्ष. पहिल्या ओळीतील बहुतेक दगड जर्मन भाषेत आहेत. तेथे कोणाही सिस्टरचे दगड दुसरीपेक्षा इंचभर मोठे नव्हते, मदर सुपीरियरचेही नाही.

या दफनभूमीची देखरेख एका निवृत्त शिक्षिकेकडे होती. वय ऐंशीच्या आसपास, कंबरेत किंचित वाकलेल्या, स्वतः त्याच शाळेत शिकलेल्या आणि पुढे सरकारी शाळेत पस्तीस वर्षे जीवशास्त्र शिकविलेल्या. बाईंनी दहा-बारा वर्षांपूर्वी ठरविले, की सिस्टरांच्या कबरींभोवती यंत्राने कापलेले गवत नको, माळाची फुले हवीत. त्यांनी प्रथम साधे जांभळे कोनफ्लॉवर लावले. ते आनंदाने वाढले. कमरेएवढे, काही ठिकाणी छातीएवढे झाले. फुलपाखरे आली, लोक पाहावयास आले. पण जुलै महिन्यात दगडांवरील नावे दिसेनाशी झाली. एका सिस्टरची पुतणी दुरून मोटार हाकीत आली आणि आत्याचा दगड न सापडल्यामुळे रडत परत गेली. तिची तक्रार रास्त होती. मनुष्य मेल्यावर त्याचे एवढे एक नाव तरी वाचता यावे.

म्हणून बाईंनी बुटक्या जातीची पांढरी कोनफ्लॉवर आणली. माळ्यांनी अलीकडे निवडून तयार केलेल्या या जाती दीड-दोन फुटांवर थांबतात, देठ जाड असतात, आणि पावसाने लोळत नाहीत. त्यांतील ‘पॉवॉव व्हाइट’ नावाची जात बियांपासून करता येते आणि पहिल्याच वर्षी फुलते. ‘व्हाइट स्वान’ ही त्यापेक्षा जुनी व अंमळ उंच. बाईंनी रोपे दगडांच्या तोंडाशी लावली नाहीत. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात, एकमेकांपासून दीड फुटावर लावली. मी गेलो तेव्हा पांढऱ्या फुलांचे चार पट्टे आणि त्यांमधून डोकावणारे करडे क्रूस असे ते दृश्य होते. पहाटेच्या उजेडात ते पाहून मला प्रथम वेलावर वाळत घातलेल्या अल्तारेच्या वस्त्रांची आठवण झाली.

लागवडीसंबंधी बाईंनी मला जे दाखविले ते येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या वाचकांत बागेचे वेड असणारी पुष्कळ कुटुंबे आहेत आणि काहींची मुले त्या देशात घरे करून राहिली आहेत. या झाडास दिवसाकाठी सहा तास तरी ऊन हवे. पाणी मुळाशी साचता कामा नये. हिवाळ्यात ओली राहणारी जमीन त्याला थंडीपेक्षाही मारक होते. खत फार घातले तर झाड पानांनी माजते आणि लोळते. बी पेरण्यापूर्वी त्याला ओलसर थंडी दाखविली तर ते अधिक खात्रीने उगवते. म्हणून एक तर ते पानगळीत उघड्यावर पेरतात, किंवा ओल्या वाळूत मिसळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवतात. बाईंच्या फ्रीजमध्ये लोण्याशेजारी वाळूची पिशवी असे, आणि त्यांच्या नातवाने ती एकदा तपकिरी साखर समजून उघडली होती. पहिले वर्षभर रोपास नियमित पाणी द्यावे लागते. पुढे मूळ खोल गेले म्हणजे ते अवर्षणही सोसते. फुले विचित्र हिरवी आणि वेडीवाकडी येऊ लागली तर त्या झाडास एका कीटकामार्फत पसरणारा रोग झाला असे समजून ते मुळासकट उपटून फेकावे, औषध नाही.

आणखी एक गोष्ट. या पांढऱ्या झाडांचे बी तेथेच पडून उगवले, तर पुढची पिढी पांढरी येईलच असे नाही. कोनफ्लॉवर स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही. मधमाशी शेजारच्या जांभळ्या फुलाचा पराग आणते, आणि लेकरू गुलाबी निघते. बाई अशी गुलाबी पोरे खुरप्याने अलगद काढून कुंपणालगत नेऊन लावीत, जेथे उंची वाढली तरी कोणाचे नाव झाकणार नाही. “फादर, ही टाकून कशी देणार? ती याच कबरींची आहेत,” असे त्या मला म्हणाल्या.

आता त्या फुलावरील गर्दीकडे वळू. फुलाच्या पांढऱ्या पाकळ्या वांझ असतात. त्या केवळ पताका. खरी फुले मधल्या घुमटावर शेकड्यांनी बसलेली असतात आणि ती काठाकडून माथ्याकडे, रोज एक कडे याप्रमाणे उमलत जातात. त्यामुळे एकेक बोंड पंधरा-पंधरा दिवस मध आणि पराग वाढीत राहते. भुंग्यासारखी केसाळ ‘बंबल’ माशी त्या कड्याभोवती अशी चालत जाते, जशी एखादी आजी जपमाळेचे मणी ओढते. सकाळी सहाच्या सुमारास गेलो तर काही नर माश्या फुलांवरच दवाने भिजून झोपलेल्या आढळत. ऊन अंगावर आले म्हणजे त्या पाय हलवू लागत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण ज्या माशीला ‘अमेरिकेतील मधमाशी’ समजतो ती पेटीतील माशी सतराव्या शतकात युरोपियनांनी जहाजातून नेलेली. त्या खंडाच्या स्वतःच्या माश्या निराळ्या. त्यांच्या जाती हजारांनी मोजाव्या लागतात आणि बहुतेक एकेकट्या राहतात, पुष्कळशा जमिनीत बीळ करून. म्हणून बाई आपल्या पट्ट्यांत लाकडाच्या सालीचा थर पसरू देत नसत. त्या देशात प्रत्येक बागेवर असा थर घालण्याची एक विलक्षण हौस आहे. माती दिसली की त्यांना ती उघडी पडल्यासारखी वाटते. बाई म्हणत, दाराला कुलूप लावून पाहुण्याला बोलावण्यातला हा प्रकार आहे. या देशी माश्यांपैकी पाठीवर तांबूस ठिपका असलेली एक बंबल माशी पूर्वी या भागात सर्रास दिसे. २०१७ साली सरकारला तिची नोंद नामशेष होण्याच्या मार्गावरील प्राण्यांत करावी लागली. बाईंनी तिची वाट पाहण्यात सहा उन्हाळे घालविले होते. ती आली नाही.

डेलावेअर राज्यात माउंट क्यूबा सेंटर नावाचे उद्यान आहे. तेथे २०१८ ते २०२० या काळात कोनफ्लॉवरच्या अनेक जाती शेजारी शेजारी लावून कोणत्या फुलावर किती कीटक येतात ते मोजले गेले. दुहेरी, गेंदेदार फुलांकडे कीटक फार थोडे फिरकतात असे दिसून आले. कारण साधे आहे: त्या फुलांत मधाची वाटी मोडून तिच्या पाकळ्या केलेल्या असतात. आमच्या पॅरिशमधील भगिनींनी एकदा अशीच गुबगुबीत पांढरी दुहेरी फुले कबरींसाठी दान देऊ केली होती, आणि बाईंनी ती मोठ्या नम्रतेने नाकारली होती. त्या नकाराची आठवण दोन घरांत अद्याप ताजी होती, असे मला लवकरच कळले. बुटकेपणाने मात्र कीटकांचे काही बिघडत नाही. घुमट एकेरी आणि उघडा असला म्हणजे झाले.

फुलांना आणि विज्ञानाला ख्रिस्तमंदिराच्या आवारात एकत्र नांदविणे ही त्या देशात नवी गोष्ट नव्हे. मॅसेच्युसेट्समधील वुड्स होल येथे १९३२ साली मारिया मातेची बाग लावली गेली. अमेरिकेतील अशी ती पहिली मानतात. फ्रान्सिस क्रेन लिली या बाईंनी ती करविली. त्यापूर्वीच त्यांनी तेथे घंटेचा मनोरा बांधून घेतला होता, आणि त्यातील दोन घंटांना मेंडेल आणि पाश्चर अशी नावे दिली होती. समोरच सागरी जीवशास्त्राची प्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. श्रद्धावंत माणसेही सूक्ष्मदर्शकात पाहतात हे तेथील शास्त्रज्ञांना दिवसातून तीनदा ऐकू यावे, अशी त्या बाईंची योजना असावी. आपल्या उपासनेतही मधमाशीला जागा आहे. पास्काच्या रात्री मेणबत्तीपुढे गाइल्या जाणाऱ्या घोषगीतात तिच्या श्रमाचा उल्लेख येतो. इंग्रजी अनुवादातून तो १९७०च्या दशकात गळला होता आणि २०११च्या अनुवादात परत आला. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात विषारी औषधांनी नाहीशा होणाऱ्या कीटकांची दखल घेतली आहे.

हे सारे बाईंनी मला ऐकवावे याला कारण होते. ती पॅरिश पुढील वर्षी शेजारच्या दोन पॅरिशांत विलीन व्हावयाची होती. धर्मगुरू कमी, माणसे कमी. एक शनिवारची मिस्सा राहील, तीही किती दिवस कोण जाणे. नव्या हिशेबात दफनभूमीच्या देखभालीस एका ठेकेदाराने अत्यंत स्वस्त दर दिला होता: यंत्राने सरसकट कापणी आणि वर्षातून दोनदा तणनाशक. त्यातच गावच्या कचेरीतून चिठ्ठी आली, की आवारातील ‘गवत व तण’ ठरलेल्या उंचीपेक्षा वाढले आहे, ते काढावे. तेथील पुष्कळ गावांत असे नियम आहेत. बाई फूटपट्टी घेऊन प्रत्येक पट्ट्याची उंची मोजीत फिरल्या, वहीत आकडे लिहिले, आणि रोपांची शास्त्रीय नावे लावून कचेरीत देऊन आल्या. लावलेली फुले तणात मोडत नाहीत, हे तेथील गृहस्थांनी मान्य केले. कुंपणालगतची उंच गुलाबी झाडे मात्र रस्त्याकडून दोन फूट आत घ्यावी लागली.

ठेक्याचा प्रश्न कठीण होता. ऑगस्टमध्ये सभागृहात सभा भरली. मी पाहुणा, म्हणून मागे बसलो. खजिनदार गृहस्थ सज्जन होते. त्यांनी आकडे वाचले, आणि आकडे खोटे नव्हते. छपराची गळती, उबेचे यंत्र, विमा. एका बाजूस तीन पॅरिशांतील गरीब कुटुंबांचा मदतनिधी, दुसऱ्या बाजूस माश्या. असा प्रश्न मांडला म्हणजे माझ्यासारख्याची जीभ टाळूला चिकटते. दुहेरी फुलांचे दान नाकारले गेलेल्या भगिनीही बोलल्या, आणि ते बोलणे फुलांविषयी फारसे नव्हते.

मग ती पुतणी उभी राहिली, आत्याचा दगड न सापडलेली. ती म्हणाली, “या वर्षी मी आले आणि नाव सरळ वाचता आले. माझी आत्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन किडे दाखवीत असे. तुम्हाला कापायचे तर कापा. पण तिच्या ओळीचे काम मी करीन.” त्यानंतर एका ओळीला एक असे हात वर होऊ लागले. चौथी ओळ एका मेक्सिकन कुटुंबाने घेतली. ते स्पॅनिश मिस्सेला येत आणि सभेत तोवर एक शब्दही बोलले नव्हते. त्यांच्या घरी मृतांच्या दिवशी कबरी फुलांनी सजविण्याची चाल आहे, आपल्याकडे नोव्हेंबरात असते तशीच. ठराव झाला: ठेकेदाराने पुढील मैदान कापावे, सिस्टरांच्या चार ओळींत यंत्र नेऊ नये, तणनाशक कुंपणाच्या आत फवारू नये. तीन वर्षांनी पुन्हा विचार व्हावा. बाईंना तीन वर्षांची अट आवडली नाही. “तीन वर्षांनी मी कोठे असेन?” असे त्या म्हणाल्या, आणि पाचव्या ओळीसाठी जागा आहे काय, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोजून पाहिले. ती ओळ सिस्टरांसाठीच आहे, असे मी त्यांना सांगितले. तेव्हा त्या पुष्कळ हसल्या.

हे रोप मी घरी आणले काय, असे काहींनी विचारले. आणले नाही. परवान्यावाचून परदेशी बी आणणे गैर आहे, आणि बेळगावच्या पावसात त्या मुळ्या कुजल्या असत्या. आमच्या आवारात श्रावणात उगवणारा पांढरा तुंबा आहे. तो गुडघ्याएवढाही होत नाही आणि सातेरी माश्या त्यावर दिवसभर असतात. त्याला मी आजवर उपटवीत आलेलो नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पांढऱ्या पाकळ्या सुकून घुमट काळे पडू लागले. आपल्याकडील माळी अशा वेळी कात्री घेऊन निघाला असता. बाईंनी सर्वांना ताकीद दिली, की देठ हिवाळाभर उभे राहू द्यावेत. त्या बियांवर तेथील गोल्डफिंच पक्षी येतो, हळदीसारखा पिवळा, काळ्या पंखांचा. राफाएलच्या चित्रात बाळ येशूपुढे धरलेला गोल्डफिंच तो निराळा, युरोपातील, तोंडावर तांबडा डाग असलेला. पण मिस्सेनंतर त्या काळ्या घुमटांवर दहा-बारा पिवळे पक्षी उलटसुलट लोंबकळताना पाहिले, की चित्रकाराला मोह का पडला ते कळते. मी निघालो त्या सकाळी मेक्सिकन कुटुंबातील थोरला मुलगा चौथ्या ओळीच्या टोकाला एक लाकडी पाटी ठोकीत होता. बाईंनी त्याला इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये मजकूर लिहून दिला होता: एप्रिलपर्यंत कापू नये. तो पाटी जरा तिरपी ठोकीत होता, आणि बाई काठी टेकून त्याला डावीकडे, डावीकडे, असे सांगत होत्या.